तुरीतून निघालेला माणूस

‘निघाला’ हा शब्द आला की मी कीबोर्डवरचे हात खाली घेते. जवळ चहा असेल तर एक घोट घेते, नसेल तर खिडकीपाशी जाऊन येते. आपल्या मराठीत अंकुर मातीतून निघतो, साप बिळातून निघतो, ऊन निघतं, वरात निघते, बस निघते आणि एखादा जावई लबाडही निघतो. आपल्याला त्यात काही अडचण वाटत नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येकाचं दार वेगळं आहे. चुकीच्या दारातून माणूस बाहेर काढला की तो माणूसच बदलतो.

मी कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करते. राहते चिखलीत, एकटी. आमच्याकडच्या कोर्टात साक्षीदार वऱ्हाडीत बोलतो. ते कागदावर उतरतं तेव्हा त्याची पुस्तकी मराठी झालेली असते. खटला अपिलात नागपूरला गेला की तीच साक्ष इंग्रजीत लागते. म्हणजे शेतातल्या माणसाचं बोलणं दोन चाळण्यांतून जातं. त्यातली दुसरी चाळणी मी. नागपूरचे काही वकील मला कागद पाठवतात, मी इंग्रजी करून परत पाठवते आणि शेवटी लिहून देते की हे भाषांतर खरं आणि बरोबर आहे. त्याखाली माझी सही असते.

या कामात माणसं फार भेटतात, पण सगळी कागदावर. त्यांच्या घरातली भांडणं, त्यांच्या विहिरींची खोली, कोणाच्या सुनेला कोण काय बोललं, हे सगळं मला माहीत असतं. बाजारात तीच माणसं शेजारून गेली तरी मी त्यांना ओळखत नाही आणि ती मला ओळखत नाहीत. पक्षकारांना भेटायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतलेला आहे. भेटलं की शब्द त्यांच्या बाजूला झुकायला लागतात.

नजरेसमोर येण्याच्या क्रियापदांनी मला सगळ्यात जास्त छळलं. अपिअर हे त्यातलं सज्जन. माणूस दिसला, एवढंच ते सांगतं. कुठून आला, कशासाठी आला, याची जबाबदारी घेत नाही. इमर्ज म्हटलं की आधी तो कशाच्या तरी आत होता, झाकलेला होता, असं ऐकणाऱ्याच्या मनात येतं. सरफेस म्हणजे बुडालेलं वर येणं. हरवलेली माणसं आणि जुनी खरेदीखतं सरफेस होतात. टर्न अप थोडं बेफिकीर आहे, आला तर आला. लूम मात्र भीतीचं आहे. काहीतरी मोठं, धूसर, अंगावर येणारं.

लूम वापरायची संधी मला एकदाच नीट मिळाली. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना घाटात धुकं असतं. त्या धुक्यात एका मोटारसायकलवाल्याला ट्रकने उडवलं होतं. मागे बसलेला त्याचा मेहुणा वाचला. त्याच्या साक्षीत होतं, ‘समोरून ट्रक एकदम अंगावर आला.’ पहिल्या खर्ड्यात मी केम लिहिलं. वाचून पाहिलं तर ट्रक पाहुण्यासारखा येत होता. मग लूम लिहिलं आणि त्या वाक्यात धुकं आपोआप आलं. खुर्चीतून उठून कोणाला तरी सांगावंसं वाटलं. घरात कोणी नव्हतं. शेजारच्या काकू गच्चीवर गहू वाळत घालत होत्या. त्यांना म्हटलं, “आज काम चांगलं झालं.” त्या म्हणाल्या, “मग एखादा हात इकडंही लावा.” मी गहू पसरवायला गेले. आनंद असा कुठेतरी पसरवावा लागतो.

दुसऱ्या एका खटल्यात शेतात नांगरताना हद्दीचा दगड निघाला होता. आता हा दगड टर्न अप झाला म्हटलं, तर कोणीतरी रात्रीतून आणून पुरल्यासारखा वाटतो. इमर्ज झाला म्हटलं, तर दगड स्वतःच्या पायांनी वर आल्यासारखा वाटतो. शेवटी मी लिहिलं की नांगराने दगड उघडा केला. साक्षीदाराने नांगराचं नाव आधीच्याच वाक्यात घेतलेलं होतं, म्हणून ते चाललं. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी त्यावर काही म्हटलं नाही. भाषांतरकाराला शाबासकी मिळते ती अशीच. कोणी काही म्हणत नाही.

कोर्टाबाहेरचं कामही कधी कधी येतं. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपलं आत्मचरित्र घेऊन आले. नातवंडं परदेशात, त्यांच्यासाठी इंग्रजीत हवं होतं. कुठल्यातरी वर्तमानपत्रात त्यांनी इमर्ज हा शब्द वाचला होता आणि तो त्यांच्या मनात भरला होता. सकाळी ते घरातून इमर्ज व्हायचे, दौऱ्यावरच्या जीपमधून इमर्ज व्हायचे, एका प्रसंगात न्हाणीघरातूनही इमर्ज झाले होते. मी म्हटलं, “भाऊसाहेब, न्हाणीघरातून साधं बाहेर या ना.” ते म्हणाले, “मॅडम, अधिकारी माणूस साधा कसा बाहेर येईल?” शेवटी जीपमधलं इमर्ज मी ठेवलं आणि न्हाणीघरातलं काढलं. त्यांनी ते मान्य केलं, पण नाराजीनं.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. तो शब्द माझ्याही मनात असाच भरलेला होता. साखरखेर्ड्याकडच्या एका लहान गावातलं आमचं घर. आईबाबा दोघंही दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि पदवी घेतलेलीही पहिली. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी विहारात जाऊन मेणबत्ती लावली आणि येता येता भेटेल त्याला “जयभीम, पोरगी बीए झाली” असं सांगत आले. कॉलेज चिखलीला, यष्टीने येऊन जाऊन. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी मला त्यांचा स्वतःचा शब्दकोश दिला. पाठीवरची शिवण उसवलेली होती, ती त्यांनी आधी दोऱ्याने शिवून घेतली होती. ते म्हणाले होते, “पोरी, यातला मोठा शब्द कळला की आनंद होईल. लहान शब्द कळायला जन्म जाईल.” तेव्हा मला ते सरांचं नेहमीचं बोलणं वाटलं होतं. आईबाबा आज नाहीत, सरही नाहीत. शब्दकोश आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले त्या खटल्याकडे येते. नावं बदलली आहेत.

विलास नावाचा एक तरुण शेतकरी होता. त्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं शेत लागून. मध्ये धुरा, म्हणजे बांध. धुऱ्यावरून दोघांत धुसफूस होती, तशी ती आमच्याकडे बहुतेक धुऱ्यांवरून असते. एका दुपारी चुलतभाऊ धुऱ्यावर उभा होता. विलास आपल्या शेतातल्या उंच तुरीतून निघून धुऱ्यावर आला. हातात गवत कापायचा विळा होता. बोलाचाली झाली आणि विलासने विळा मारला. चुलतभाऊ वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा निकामी झाला. हे मी आधीच सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्या हाताचा विसर पडायला नको.

मारलं हे विलासने नाकारलं नव्हतं. प्रश्न होता तो तुरीत काय करत होता याचा. सरकारी बाजूचं म्हणणं, तो दबा धरून बसला होता, ठरवून. त्याच्या बाजूचं म्हणणं, तो आपल्या शेतात गवत कापत होता, बाहेर आला आणि तिथे भांडण पेटलं. ठरवून मारणं आणि पेटून मारणं यात शिक्षेची बरीच वर्षं असतात. खालच्या कोर्टाने ठरवून मारलं असंच धरलं होतं. विलास तुरुंगात होता आणि अपील नागपूरला होतं.

प्रत्यक्ष पाहणारी एकच, कौसल्याबाई. शेजारच्या शेतात कापूस वेचत होती. दोघांच्याही नात्यातली नाही, कोणाकडूनही बोलायचं तिला कारण नाही. तिच्या सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा, होतं, ‘आरोपी तुरीतून निघाला. त्याच्या हातात विळा होता.’ उलटतपासात बऱ्याच खाली एकच वाक्य होतं, ‘आरोपी निघण्याआधी खाकरला, हे खरे आहे.’ त्यानंतरचा प्रश्न विळा कोणत्या हातात होता याचा.

हे वाचलं आणि मी हात खाली घेतले.

आमच्याकडे तूर, ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर जाते. त्या उंच पिकाच्या आडोशाला बायका जातात, कशासाठी ते सांगायला नको. बांधाच्या कडेला एखादी लेकराला पाजत बसलेली असते, एखादी पातळ सावरत असते. म्हणून पुरुष माणूस उंच पिकातून कधीही मुकाट्याने बाहेर पडत नाही. आधी खाकरतो, क्षणभर थांबतो. बाई असेल तर ती पलीकडून “हाव, थांबा” म्हणते, हाव म्हणजे हो, किंवा सावरून झाल्यावर “हाव, या” म्हणते. काहीच आवाज आला नाही तर तो बाहेर येतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मुलगा मिसरूड फुटायच्या वयाचा झाला की खाकरायला लागतो, आणि त्याच्या आयाबहिणी एकमेकींकडे पाहून हसतात.

माझे बाबा तर घरात शिरतानाही खाकरायचे. मी चिखलीत हे घर घेतलं तेव्हा ते पहिल्यांदा आले. फाटकावर बेल आहे. बाबांनी बेल दाबली नाही. फाटकाबाहेर उभे राहून खाकरत राहिले. पंख्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. शेजारच्या काकूंनी बाहेर येऊन पाहिलं आणि त्यांना आल्याचा काढा करून दिला. बाबांनी तो मुकाट्याने पिऊन टाकला. आत आल्यावर मला म्हणाले, “तुह्या गावची माणसं चांगली हायेत. पण आवाज दिला तं औषध देतात.”

तेव्हा दबा धरून बसलेला माणूस खाकरेल का, हा प्रश्न आमच्या भागातल्या कोणालाही विचारून पाहावा. कौसल्याबाईला विचारला असता तर ती हसली असती. पण कोणीच विचारला नाही. तिचा उलटतपास घेणारे वकील इथलेच, समोरचे सरकारी वकील इथलेच, टंकलेखक इथलाच. खाकरला हे कानावर पडलं आणि सगळ्यांना ते कळलं. कळलं म्हणूनच का खाकरला, हे कोणी विचारलं नाही. पाणी ओलं असतं का, असं साक्षीदाराला कोण विचारतं? त्यामुळे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तेवढी कागदावर आली नाही, आणि आता कागद जिथे जाणार होता तिथे ती माहीत असेलच असं नव्हतं.

आधी कोणीतरी या साक्षीचं भाषांतर केलेलं होतं. ते विलासच्या नागपूरच्या वकिलांनी मला पाठवलं. त्यात विलास तुरीतून इमर्ज झाला होता, आणि इमर्ज होण्यापूर्वी कफ केला होता. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. शब्दकोशात दोन्ही शब्द सापडतील. पण ते वाचणाऱ्याला दिसतो तो पिकात दडलेला एक माणूस, ज्याला नेमका त्या वेळी खोकला आला.

वकीलसाहेब फोनवर म्हणाले, “ताई, मला तिथे इमर्ज नको आहे. दुसरं काही बसत असेल तर पाहा. पण खरं बसत असेल तरच.”

मी म्हटलं, “साहेब, खाकरण्याचं तुम्हाला माहीत आहे ना?”

“माझं आजोळ मेहकरचं आहे, ताई. मामा गोठ्यात जातानाही खाकरायचे, म्हशींसाठी.” ते हसले आणि मग गंभीर झाले. “पण मी कोर्टात उभं राहून ही पद्धत सांगितली तर ती माझी साक्ष होते. ती त्या बाईच्या तोंडून यायला हवी होती. तिला विचारलंच नाही कोणी. आता वेळ गेली.”

त्यांच्या हाताखाली एक तरुण वकील मुलगी होती, फार तडफदार. तिचा नंतर वेगळा फोन आला. “मॅडम, मी एक सुचवू? ‘आपण आहोत हे त्याने कळवलं आणि बाहेर आला,’ असं इंग्रजीत करता येईल. अर्थ तोच आहे की नाही?”

अर्थ तोच होता. ते वाक्य मी स्वतःही आधीच तयार केलेलं होतं. फार सुरेख इंग्रजी झालं असतं. मी म्हटलं, “विचार करते.”

नेमकी त्याच आठवड्यात विलासची आई आली.

माझा पत्ता तिला कोणी दिला ते मी विचारलं नाही. चिखलीसारख्या गावात पत्ता लपत नाही. गिरजाबाई तिचं नाव. उन्हातून आलेली, हातात कापडी पिशवी. दारात उभी राहून म्हणाली, “कोर्टाचं इंग्रजी करतेत त्या बाई तुमीच का?”

“हो. पण मावशी, त्या कामाबद्दल मला बोलता येत नाही.”

“मी कुठं बोलायले आली? बसू तं देसान.”

तिला आत घेतलं, पाणी दिलं, चहा ठेवला. ती खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. मीही खाली बसले. बराच वेळ ती घराकडे पाहत होती.

“एकट्याच राह्यता?”

“हो.”

“काऊन?”

या ‘का’ला माझ्याकडे बरीच उत्तरं तयार असतात. त्यातलं एकही तिला द्यावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, “राहून गेलं, मावशी.”

“माह्यंबी घर तसंच झालं,” ती म्हणाली. “सून माहेरी गेली. पोरगा तिकडं. दिवसभर घरात माणसाचा आवाज नाही. कुत्र्याले बोलावते अन् त्यालेच बोलते.” मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, “तुमचं गाव कोणतं?”

मी गाव सांगितलं.

“मंग तुरीतली हायेत तुमी. बस झालं मले.”

ती उठली. विलासचं नाव तिने घेतलं नाही, साक्षीबद्दल विचारलं नाही. फाटकापाशी मात्र थांबली. “बाई, कौसल्या जे बोलली तेच लिवजा. तिनं खोटं नाही सांगतलं. तिच्यापुढं एक शब्द नको, मांगं एक नको.”

ती गेल्यावर मी पुन्हा कागदांपाशी बसले. तिला मदत करणारं वाक्य माझ्याकडे तयार होतं. ते लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं आणि ते खोटंही नव्हतं. विलास खाकरला तो कळवण्यासाठीच, याची मला माझ्या नावाइतकी खात्री होती. पण ती खात्री माझी होती. कौसल्याबाई कापसाच्या ओळीतून उठून कोर्टात गेली, परक्या माणसांसमोर उभी राहिली आणि जेवढं पाहिलं, ऐकलं तेवढंच बोलली. तिच्या तोंडात मी माझं वाक्य घातलं असतं तर मग ती कशाला हवी होती? आणि निकामी हाताचा तो माणूस, त्याच्या बाजूनेही कोणी असंच सुरेख इंग्रजी केलं असतं तर मी काय म्हटलं असतं?

मग मी उलट बाजूने गेले. तिने कुठला शब्द वापरला होता? खोकला नाही, खाकरला. आपल्याकडे खोकला येतो, खाकरतो मात्र माणूस स्वतः. इंग्रजीतही हा फरक आहे. कफ येतो, घसा साफ करतात तो मुद्दाम. तेव्हा त्याने घसा साफ केला, असं लिहिलं. हे माझं नव्हतं, तिचंच होतं.

आणि निघाला? अपिअर लिहून पाहिलं. त्यात विलास भुतासारखा हवेतून प्रकट होत होता, शिवाय तो तुरीत होता हे झाकल्यासारखं होत होतं. ते झाकायचं नव्हतं. स्टेप्ड आउट लिहून पाहिलं, त्यात तो पाहुण्यांच्या घरातून अंगणात येत होता. इमर्जकडे पुन्हा एकदा पाहिलं. सरांचा शब्दकोश काढला. मोठ्या शब्दांची पानं माझ्या बोटांनी मऊ झालेली आहेत. मग लहान शब्दांकडे आले. केम आउट. बाहेर आला. चौथीतल्या मुलाला येतं ते. ते दडण्याबद्दल काही म्हणत नाही आणि न दडण्याबद्दलही काही म्हणत नाही. त्यात तूर आहे, माणूस आहे आणि त्याचं चालणं आहे. कौसल्याबाईला इंग्रजी येत असतं तर ती हेच म्हणाली असती.

सरतपासातल्या वाक्यात केम आउट लिहिलं आणि उलटतपासातल्या वाक्यातही तेच लिहिलं. दोन्हीकडे एकच शब्द, कारण तिने दोन्हीकडे एकच शब्द वापरला होता. सही केली आणि पाठवून दिलं.

त्या तरुण वकील मुलीचा फोन आला. आवाज पडलेला होता. “मॅडम, तुम्ही फारच साधं केलंत.”

मी म्हटलं, “हो. साक्षच साधी आहे.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “घसा साफ केला, हे मात्र चांगलं आहे. यावर सर बोलू शकतील.”

पुढचं मला कळलं नाही. भाषांतरकाराला निकाल कळवायचा असतो असं कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि मी विचारत नाही. दुसरे कागद आले. एका नवराबायकोचं भांडण, एका विहिरीची वाटणी. पण मध्येच कधी पोळी भाजताना, कधी बस स्टँडवर उभी असताना मनात यायचं, की मी माझ्या स्वच्छ हातांपायी कोणाचं तरी पोरगं आत ठेवलं का? हे विचारायला माणूस नव्हतं. काकूंना सांगता येण्यासारखं नव्हतं. सर असते तर यष्टीने गेले असते आणि त्यांच्या ओट्यावर बसले असते. या कामातला खरा एकटेपणा घरात दुसरं माणूस नसण्याचा नाही. आपण बरोबर केलं का, हे सांगणारं कोणी नसण्याचा आहे.

बऱ्याच महिन्यांनी वकीलसाहेबांचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. बोलता बोलता म्हणाले, “अहो, तो तुमचा तुरीतला माणूस सुटला. ठरवून मारल्याचं टिकलं नाही. जेवढी भोगली तेवढी शिक्षा पुरे झाली.”

मी विचारलं, “खाकरण्याचं काही आलं का निकालात?”

“मी मांडलं होतं. समोरून प्रश्नही आला, घसा का साफ केला म्हणून. मी म्हटलं, साक्षीदाराला ते विचारलेलं नाही, पण लपलेल्या माणसाला आवाज करायचं कारण नसतं. निकालात मात्र त्याचा उल्लेख नाही. जखमेवर आणि डॉक्टरांच्या साक्षीवर भर आहे. तुम्हाला खोटं कशाला सांगू?”

त्यांनी खोटं सांगितलं नाही याचं मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. ती पद्धत अजूनही कुठल्याच कोर्टाच्या कागदावर नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या तुरीतून दुसरा माणूस खाकरून निघेल आणि पुन्हा सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणी विचारणार नाही. म्हणून तिची नोंद मी इथे करून ठेवते आहे. शेतात आता तणनाशकं आली, घरोघरी संडास झाले, पोरं कानात वायर घालून शेतात जातात. खाकरणारे पुरुष कमी होत चालले आहेत.

यंदाच्या पौषातली गोष्ट. दुपारची वेळ, मी एका गहाणखताशी झगडत होते. पंखा बंद होता, थंडी होती, म्हणून ऐकू आलं. फाटकाबाहेर कोणीतरी खाकरलं.

माझे हात खाली आले.

पुन्हा खाकरलं, मग शांत. फाटक वाजलं नाही. बेल तिथेच आहे, तिच्यावर लाल दिवाही लागतो, कुरिअरवाल्याला लांबून दिसतो. बाहेरचा माणूस बेल दाबत नव्हता, फाटक ढकलत नव्हता. उत्तराची वाट पाहत होता. बाबा गेल्यापासून माझ्या दारात अशी वाट कोणी पाहिलेली नव्हती.

मी खिडकीतून पाहिलं. एक वाळलेला, केस अवेळीच पांढरे झालेला माणूस रस्त्याकडे तोंड करून, घराकडे पाठ करून उभा होता. हातात कापडी पिशवी, ओळखीची. पिशवीतून तुरीच्या हिरव्या शेंगा डोकावत होत्या. चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. तो कोण आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. नियम मोडण्याचाही प्रश्न नव्हता, खटला संपलेला होता.

उत्तर द्यायचं होतं. आणि माझ्या लक्षात आलं की ते द्यायची सवयच गेली आहे. “कोण आहे?” हे तोंडाशी आलं होतं. ते चिखलीचं होतं, गेल्या इतक्या वर्षांचं होतं. मी दाराशी गेले, ओढणी नीट केली, आणि आईच्या आवाजात आतूनच म्हटलं,

“हाव, ये बापू.”

मग तो वळला आणि आत आला.